टीप नक्की कोणाच्या हातात पडते? हॉटेल, गॅसवाला, डिलिव्हरी, दिवाळीची पोस्त

नगरकर_सध्या_पुणे (धागाकर्ता)

हॉटेलच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेटरला वेगळी टीप द्यायची का, यावरून आमच्या मित्रांत दर वेळी जुंपते. अर्ध्यांचं म्हणणं, दिले की दहा टक्के, आणखी कशाला? बाकीच्यांचं म्हणणं, ते मालकाच्या गल्ल्यात गेले, पोराला काय मिळालं? मी दुसऱ्या बाजूचा आहे. का, ते सविस्तर लिहितो. इथे हॉटेल लाइनमधले, परदेशात राहणारे, सोसायटीची कामं बघणारे बरेच जण आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी कायद्याचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने आपणहून बिलात सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, ग्राहकाने नको म्हटलं तर जबरदस्ती करायची नाही आणि तो जोडून वर जीएसटीही घ्यायचा नाही. हॉटेल मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि प्रकरण अडीच वर्षांहून जास्त काळ लोंबकळत राहिलं. शेवटी २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तत्त्वं कायम ठेवली आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना एकेक लाख रुपये भरायला लावले. पुढे त्यावर अपीलही झालं. पण सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे ग्राहकाने ठरवायचं, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलेलं आहे. कोणी अडवलं तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पैशात किती फरक पडतो बघा. जेवण झालं १२०० रुपयांचं. नुसता ५ टक्के जीएसटी धरला तर १२६०. दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला की १३२०, त्यावर जीएसटी ६६, एकूण १३८६. म्हणजे १२६ रुपये वर गेले, त्यातले सहा सरळ सरकारला. उरलेल्या १२० पैकी ज्याने आपल्याला गरम पोळी आणून वाढली त्याच्यापर्यंत किती पोचले, हे बिलावर कुठेच दिसत नाही. माझी खरी तक्रार एवढीच आहे. मी १२० रुपये द्यायला तयार आहे, आनंदाने तयार आहे, पण त्या पोराला.

टीप कोणाची, यावर सर्वोच्च न्यायालयही बोललेलं आहे. आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या २०१६ च्या खटल्यात प्रश्न होता की ग्राहकाने कार्डाने दिलेली टीप हॉटेल नंतर कर्मचाऱ्यांना वाटतं, तर तो पगार धरून हॉटेलने टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापायचा आयकर, कापायचा का? न्यायालयाने नाही म्हटलं. तो पैसा हॉटेलचा नाहीच, हॉटेल फक्त विश्वस्त म्हणून सांभाळतं, असं त्याचं कारण दिलं. प्रश्न आयकराचा होता, पण पैसा कोणाचा या मुद्द्यावर मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

त्यामुळे मी एकच गोष्ट बघतो. पैसे ज्याच्यासाठी देतोय त्याच्याच हातात पडणार असतील तर सढळ हाताने द्यावेत. मध्ये कोणी उभा असेल तर आधी विचारावं. हा हिशोब हॉटेलात नीट बसतो. पण गॅसवाला, कुरिअर, दवाखान्यातल्या मावशी, दिवाळीची पोस्त, इथे तो कसा लावायचा, यावर तुमची मतं हवी आहेत.

सई_कोथरूड

सर्व्हिस चार्ज काढायला सांगितलं की वातावरण बिघडतं, म्हणून बरेच जण गप्प भरतात. मी बिल यायच्या आधीच कॅप्टनला, म्हणजे वेटरांवरच्या माणसाला, बोलावून सांगते, "सर्व्हिस चार्ज लावू नका, टीप आम्ही वेगळी देणार आहोत." आधी सांगितलं की बिल दुरुस्त करायची कटकट होत नाही आणि पोरांचाही गैरसमज होत नाही. नंतर सांगितलं की आपण कंजूष आहोत असं त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

टेबल_नंबर_सात

मी या लाइनमध्ये आहे म्हणून लिहितो. हेल्परपासून सुरुवात केली, वेटर झालो, आता कॅप्टन आहे. हॉटेलचं नाव सांगणार नाही.

नगरकर साहेब, तुम्ही "त्या पोराच्या हातात" म्हणता ते बरोबर आहे, पण पोरगा एकटा नसतो. तुमच्या टेबलावर जो येतो त्याच्यामागे टेबल पुसणारा हेल्पर आहे, तंदूरवर उभा असलेला माणूस आहे आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशी आहेत. गिऱ्हाईक त्यांना कधी बघत नाही. सगळी टीप वेटरने खिशात घातली तर मोरीवर कोण थांबेल? म्हणून चांगल्या हॉटेलात सगळ्यांची मिळून टिपेची पेटी असते. आमच्याकडे रात्री शटर अर्धं खाली आलं की पेटी उघडतात. दोघं मोजतात, एक जण वहीत लिहितो. प्रत्येकाच्या वाट्याचे पॉइंट ठरलेले आहेत. कॅप्टनचे जास्त, वेटरचे त्याहून कमी, हेल्परचे आणखी कमी, पण मोरीलाही पॉइंट आहे. सुट्टीवर असेल त्याचे त्या दिवशीचे धरत नाहीत. कमी-जास्त वाटलं तर तिथेच बोलायचं, वही सगळ्यांसमोर उघडी असते.

पण मी जिथे आधी होतो तिथे पेटीची किल्ली शेठच्या मुलाकडे होती. ग्लास फुटला तर पैसे पेटीतून. गिऱ्हाईक बिल न भरता निघून गेलं तर तेही पेटीतून. महिनाअखेरीला एक आकडा सांगायचे आणि तो घ्यायचा. कोणी विचारलं तर पुढच्या आठवड्यात त्याची पाळी बदलायची. ज्या पाळीत गर्दी नाही, तिथे टाकायचे. आम्हाला पगार किती होता ते लिहीत नाही, पण घरभाडं टिपेतूनच निघायचं, आणि ती टीप कोणाच्या हातात आहे हे आम्हाला माहीत होतं.

आता स्कॅनचं. टेबलावरच्या क्यूआरवर माणूस १२६० च्या जागी १३०० टाकतो आणि म्हणतो, "वरचे तुझे." त्याने मनापासून दिलेले असतात. पण ते चाळीस रुपये शेठच्या खात्यात गेले. रात्री हिशोब जुळवताना ते जादा म्हणून निघतात. मागायला गेलं तर कोणत्या टेबलचे, कोणी टाकले, दाखव. जिथे मालक चांगला आहे तिथे मिळतात, नाहीतर विसरायचे. काही पोरं स्वतःचा क्यूआर मोबाइलवर दाखवतात, पण बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, दिसला तर कामावरून काढतात. त्यामुळे माझी विनंती आहे की बिल स्कॅन करून भरा, पण टीप शक्य तितकी रोख द्या. वीस-पन्नासची नोट हातात दिली तरी आम्हाला पुरे आहे. नोट घडी घालून बिलाच्या खाली ठेवू नका, साफ करणारा ती बिलासकट गोळा करतो आणि कधी कधी फेकली जाते.

नगरकर_सध्या_पुणे

टेबल_नंबर_सात, मोरीवरच्या मावशींचा मुद्दा महत्त्वाचा आहे. म्हणजे प्रश्न पेटीचा नसून किल्लीचा आहे. तुमच्यासारखा आतला माणूस लिहितो तेव्हा धाग्याचं चीज होतं.

जुना_दादरकर

माझं मत या सगळ्याच्या विरुद्ध आहे, शांतपणे मांडतो.

टीप देऊच नये. कामाचा पूर्ण मोबदला पगारातून मिळाला पाहिजे आणि तो मालकाने दिला पाहिजे. आपण टीप देतो तेव्हा मालकाला पगार कमी ठेवायची सोय करून देतो. वर वेटरला दर टेबलासमोर चांगलं तोंड करून उभं राहावं लागतं, कारण त्याचं घरभाडं त्या टेबलावर बसलेल्याच्या मर्जीवर आहे. मला हे पाहवत नाही. मोठ्या गाडीतून उतरलेल्याकडे तिघं धावतात आणि म्हातारं जोडपं इडली खाऊन बिलासाठी ताटकळतं, हे मी किती तरी वेळा बघितलंय. बँकेतल्या कारकुनाला आपण टीप देत नाही, शाळेतल्या बाईंना देत नाही, बस कंडक्टरला देत नाही. त्यांचं काम कमी मेहनतीचं आहे का? मग हॉटेलातल्या माणसालाच आपल्या दयेवर का ठेवायचं?

पदार्थाचे दर दहा टक्क्यांनी वाढवा, मेनूवर तसं छापा आणि पगार द्या. मी आनंदाने भरेन.

टेबल_नंबर_सात

दादरकर काका, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण दर वाढले की पगार वाढतो, हे मी अजून पाहिलेलं नाही. तो वाढेपर्यंत टीप थांबवलीत तर तेवढा महिना आमचाच जातो.

मीनल_न्यू_जर्सी

दादरकर काका म्हणतात ती भीती अमेरिकेत खरी ठरलेली आहे, म्हणून इथली गोष्ट लिहिते.

इथे संघराज्याच्या कायद्यानुसार किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना टीप मिळते त्यांना मालकाने रोख फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली भर टिपेतून पडते असं धरतात. नाही पडली तर मालकाने भरून द्यायची असं कायद्यात आहे, पण मागायची हिंमत किती जणांना असते? कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, मिनेसोटा अशा थोड्या राज्यांत ही सूट नाही, तिथे टीप धरायच्या आधी पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. आमच्या न्यू जर्सीत रोख रक्कम २.१३ पेक्षा जास्त आहे, पण पूर्ण नाही.

याची मुळं कुठे आहेत ते वाचलं तेव्हा मी सुन्न झाले. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या झोपायच्या रेल्वे डब्यांत पोर्टर म्हणून गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना ठेवलं. पगार अगदी तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी त्यांना सर्रास "जॉर्ज" म्हणून हाक मारायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. माणसाला स्वतःचं नावही नाही! ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये पोर्टरांनी संघटना केली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं. त्याआधी, १९०९ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने टीप देण्या-घेण्यावर बंदी घातली होती. आणखी काही राज्यांनी तोच कायदा केला, पण १९२६ पर्यंत ते सगळे गुंडाळले गेले.

दर वाढवून टीप बंद करायचा प्रयोगही झाला आहे. न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांत तो सुरू केला आणि २०२० मध्ये टीप परत आणली. एकट्याने करून ते निभत नाही, कारण शेजारच्या हॉटेलचा मेनू स्वस्त दिसतो आणि चांगले वेटर टीप मिळते तिकडे जातात. सगळ्यांना एकदम लागू होणारा कायदाच हवा.

तोवर मी इथे टेबलावर बसून जेवले तर वीस टक्के देते. सेवा यथातथा असली तरी अठराच्या खाली जात नाही, कारण तो त्यांचा पगार आहे हे मला माहीत आहे. काउंटरवर कॉफी घेतल्यावर समोर स्क्रीन फिरवतात, तिथे मात्र "नो टिप" दाबायला मला संकोच वाटत नाही. त्या कामाला सहसा पूर्ण किमान वेतन असतं.

भाऊ_नाशिक

मीनलताई, आईबाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच तुमच्या न्यू जर्सीत, एडिसनला बहिणीकडे येत आहेत. बाबांना टीप देणं अजिबात पटत नाही, आणि बहिणीला भीती वाटते की ते हॉटेलात वाद घालतील. त्यांना थोडक्यात काय सांगू?

मीनल_न्यू_जर्सी

भाऊ, बाबांना वरची २.१३ ची गोष्ट सांगा. आमच्या सासऱ्यांचा विरोध ती ऐकल्यावरच मावळला. टक्केवारी सांगून त्यांना पटत नव्हतं, पण वेटरच्या पगारात आपण भर घालतोय हे कळल्यावर तेच आठवण करून द्यायला लागले.

बाकी व्यवहाराचं सांगते. सहा किंवा जास्त माणसं असली की बऱ्याच ठिकाणी टीप आधीच बिलात धरलेली असते. आपण मराठी माणसं सगळं कुटुंब घेऊन जातो, त्यामुळे हे हमखास होतं आणि दोनदा टीप दिली जाते. बिलात "ग्रॅच्युइटी" शब्द आहे का ते बघायचं. तो असेल तर खाली टिपेसाठी जी मोकळी जागा असते तिथे रेघ मारायची आणि एकूण रक्कम लिहून सही करायची. जागा कोरी सोडू नये. हॉटेलात राहिलात तर खोली साफ करणाऱ्या बाईसाठी रोज दोन ते पाच डॉलर उशाशी ठेवायचे. शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण रोज येणारी बाई वेगळी असू शकते.

अभय_लंडन

इथे ब्रिटनमध्ये नगरकरांच्या नेमक्या प्रश्नावर कायदा झालाय. १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टीप किंवा सर्व्हिस चार्जमधला एक पेनीही ठेवता येत नाही. कार्डाचा खर्च म्हणूनही कापता येत नाही. सगळं कर्मचाऱ्यांत योग्य रीतीने वाटायचं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाटायचं, लेखी धोरण ठेवायचं आणि नोंदी ठेवायच्या. कर्मचाऱ्याला नोंद मागता येते आणि मिळालं नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

लंडनमध्ये बिलात साडेबारा टक्के लावलेले असतात. पूर्वी मी ते काढायला सांगून रोख द्यायचो. आता काढत नाही.

टीप द्या की नको यापेक्षा असा कायदा आपल्याकडे व्हावा यासाठी ओरडायला हवं, असं मला वाटतं. प्राधिकरणाची तत्त्वं ग्राहकाला वाचवतात, वेटरला नाही.

नगरकर_सध्या_पुणे

अभय, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. दिल्लीच्या निकालाच्या बातम्या आल्या तेव्हा सगळीकडे "ग्राहकांना दिलासा" असे मथळे होते. कर्मचाऱ्यांना काय, हे कोणी विचारलं नाही. टेबल_नंबर_सात यांनी सांगितलेली पेटीची वही जर कायद्याने सक्तीची केली तर अर्धा प्रश्न सुटेल.

अश्विनी_तोक्यो

जपानमध्ये टीप देत नाहीत. टेबलावर सुटे पैसे राहिले तर विसरलात असं समजून वेटर रस्त्यापर्यंत मागे येऊन परत देतो. दादरकर काकांना हा देश आवडेल. सेवा इतकी चांगली असते की टीप नसेल तर माणसं काम नीट करणार नाहीत, हे म्हणणं इथे राहून मला तरी पटत नाही.

वरणभात_तूप

गॅस सिलिंडरवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे डिलिव्हरीवाला दर वेळी पावतीपेक्षा तीस-चाळीस रुपये जास्त मागतो. "मागतो" म्हणजे सिलिंडर दाराशी टेकवून उभाच राहतो. पावतीच्या रकमेत घरपोच देण्याचे पैसे धरलेले असतात, वेगळं काही द्यायचं नसतं. गोदामातून स्वतः आणला तर उलट आपल्यालाच सूट मिळते. हे सगळं मला माहीत आहे. पण आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही. आत गॅसच १४.२ किलो, वर लोखंडी टाकीचं वजन जवळपास तेवढंच. म्हणजे तीस किलोच्या आसपास ओझं खांद्यावर घेऊन तो माणूस चार जिने चढतो. माझ्या नवऱ्याने एकदा एका मजल्यापर्यंत नेऊन बघितला आणि टेकवला.

मी देते. पण त्याने हक्काने मागावे हे खटकतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींकडूनही तो तेवढेच घेतो हे जास्त खटकतं. आजींचं घर तळमजल्यावर आहे आणि त्या पेन्शनवर जगतात.

हिशोबनीस

वरणभातताई, मी काही वर्षं एका गॅस एजन्सीत हिशोब बघत होतो. आमच्याकडच्या पोरांना महिन्याचा पगार नव्हता, टाकीमागे पैसे होते. तळमजला असो की चौथा, टाकीमागे तेवढेच. टेम्पोतून पडून टाकी दबली, पैसे कमी भरले, सगळं त्याच्या अंगावर. घरपोच सेवेचे म्हणून गिऱ्हाईक जे पैसे पावतीत भरतं, त्यातलं त्याच्यापर्यंत थोडंच पोचायचं. म्हणजे नगरकर म्हणतात तोच प्रकार, फक्त हॉटेलच्या जागी एजन्सी.

माझं मत असं. जिना चढून आणणाऱ्याला स्वखुशीने जरूर द्या. पण आजींकडून घेतो ते चूक आहे, तिथे तुम्ही आजींच्या वतीने बोला. "आजींचे घेऊ नकोस, मी तुला देते" असं म्हटलं तर बहुतेक पोरं ऐकतात. आणि घेण्याआधी टाकीचं वजन करून मागा. वजनकाटा त्याच्याकडे असायलाच हवा, वजन करून घेणं तुमचा हक्क आहे, आणि त्याचा टिपेशी काही संबंध नाही. चाळीस रुपये दिले म्हणून वजन विचारायचं नाही, असं करू नका.

सिस्टर_अर्चना

दवाखान्याबद्दल मी लिहिते, वीस-एक वर्षं याच कामात आहे.

बाळंतपण झालं की लेबर रूमच्या दाराशी "मुलगा झाला, पेढ्याचे द्या" म्हणून नातेवाइकांना घेरतात. मुलगा असेल तर पाचशे, मुलगी असेल तर कमी. मला याची चीड येते, दोन्ही कारणांनी. ज्या बाईचा नवरा उसने पैसे काढून आलेला असतो तोही नाही म्हणू शकत नाही, कारण आपण नाही म्हटलं तर बाळाला नीट बघतील का, ही भीती असते. भीतीपोटी दिलेले पैसे बक्षीस नसतात. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात तर ती सरळ लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दुसरी बाजू पण सांगते. वॉर्डातल्या सफाईच्या बायका बहुतेक आता ठेकेदाराकडून येतात. पगार दोन-दोन महिने लांबतो. रक्ताने भरलेल्या चादरी त्या उचलतात, ज्या पेशंटजवळ नातेवाईकही थांबत नाहीत त्याला त्या स्वच्छ करतात. त्यांना पैसे मिळावेत असं मला मनापासून वाटतं. पण पेशंटच्या खिशातून आणि दारात अडवून नाही.

काही द्यावंसं वाटलंच तर सुट्टी होऊन घरी निघताना, सगळं झाल्यावर, संपूर्ण वॉर्डसाठी खायला आणून द्या. आणि ज्या मावशीने विशेष केलं तिचं नाव लिहून मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, पत्र द्या. ठेका बदलतो तेव्हा कोणाला ठेवायचं हे ठरताना ते पत्र कामी येताना मी पाहिलंय.

जुना_दादरकर

सिस्टर, मी वर बँक आणि शाळेचं उदाहरण दिलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं. उत्तम प्रतिसाद.

पार्सल_पिंपरी

मी कॉलेज सांभाळून डिलिव्हरी करतो. अ‍ॅपवर दिलेली टीप आम्हाला वेगळी दिसते आणि मी ज्या अ‍ॅपवर आहे तिथे पूर्ण मिळते, त्यामुळे बिनधास्त द्या. पावसात आणि रात्री अकरानंतर दिली तर जास्त बरं वाटतं. ऑर्डर उशिरा आली म्हणून दिलेली टीप काढून घेऊ नका, उशीर बहुतेक वेळा हॉटेलात होतो.

पण टिपेपेक्षा मोठी गोष्ट लिफ्टची आहे. बऱ्याच सोसायट्यांत आम्हाला मेन लिफ्ट वापरू देत नाहीत. सामानाची लिफ्ट बंद असली की जिन्याने जा म्हणतात. नवव्या मजल्यावर बिर्याणी नेताना पुढच्या ऑर्डरची वेळ निघून जाते. तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला जात असाल तर तिथे एकदा हा विषय काढा. वीस रुपयांपेक्षा ते आमच्या जास्त उपयोगाचं आहे.

गाडी बुक करतानाच आधी टीप मागणारी अ‍ॅप आहेत, ते मलाही पटत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला त्यावरून नोटीस काढली होती. काम व्हायच्या आधी घेतली तर ती बोली झाली. ज्याच्याकडे जास्त पैसे त्याला गाडी, आणि दवाखान्यात निघालेला माणूस उभाच.

सई_कोथरूड

पार्सल_पिंपरी, आमच्या सोसायटीत हा नियम आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही. या महिन्याच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घालायला सेक्रेटरींना आजच मेल केली.

खजिनदार_ठाणे

दिवाळीच्या पोस्तीबद्दल. आमच्या सोसायटीत पूर्वी प्रत्येक जण आपापलं द्यायचा. रखवालदाराला गेटवरचे सगळे ओळखतात म्हणून त्याची चांगली जमायची, पण पहाटे पाचला गटाराची झाकणं उघडणारा आणि ओला कचरा वेगळा करणारा कोणाला दिसतच नाही, त्याला दोन-चार घरांतून काहीतरी मिळायचं. टेबल_नंबर_सात यांनी मोरीवरच्या मावशींचं लिहिलं ते वाचून हेच आठवलं. आता प्रत्येक फ्लॅटकडून ठरावीक वर्गणी घेतो आणि सगळ्यांना सारखं वाटतो. ज्याला वर द्यायचं त्याने खुशाल द्यावं. पाकिटं वसुबारसेच्या आत देतो, कारण लक्ष्मीपूजनाला हातात पडून उपयोग नाही, गावी जायची गाडी त्याआधी असते. एजन्सीकडून आलेल्या रखवालदाराचं पाकीट एजन्सीच्या सुपरवायझरकडे देत नाही, त्याच्याच हातात देऊन सही घेतो. हा नियम आम्ही एका वाईट अनुभवानंतर केला.

घरी काम करणाऱ्या ताईंचं मात्र यात मोजू नये. बोनसचा कायदा त्यांना लागू नाही, पण दिवाळीला एक महिन्याचा पगार ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि त्या वर्षभर ते धरून चालतात. मुलांची फी, गावचं कर्ज, सगळं त्यावर ठरलेलं असतं. "यंदा साडी घेतली आहे तुझ्यासाठी" म्हणून पगाराच्या जागी साडी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वरणभात_तूप

खजिनदार, साडीबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या लताताईंच्या कपाटात अशा न नेसलेल्या किती तरी साड्या आहेत.

हिशोबनीस, आजींच्या वतीने बोलले. काल सिलिंडर आला तेव्हा त्याने त्यांच्याकडून पावतीएवढेच घेतले. मी त्याला माझे चाळीस दिले आणि पाणी विचारलं. जिना उतरताना म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरचे काका टाकी आली की कधीच दार लगेच उघडत नाहीत, खांद्यावर घेऊन उभं राहावं लागतं.

भाऊ_नाशिक

मीनलताई, बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग तिथल्या सरकारला पत्र लिहितो." पण टीप देतो म्हणालेत.

टेबल_नंबर_सात, एक विचारायचं होतं. एखाद्या हॉटेलात पेटीची किल्ली कोणाकडे आहे, टीप वेटरपर्यंत पोचते का, हे आम्हा गिऱ्हाइकांना कळणार कसं? वेटरला तोंडावर विचारलं तर तो अडचणीत येईल का?

टेबल_नंबर_सात

भाऊ, विचारा, पण गल्ल्याजवळ नको आणि बिल देताना नको. तेव्हा शेठचं लक्ष तिकडेच असतं. पाणी भरायला येतो तेव्हा हळूच विचारा, "पेटी तुम्ही वाटता की ऑफिसमधून येते?" एवढंच. आम्हाला कळतं. "आम्हीच वाटतो" म्हणाला तर पेटीत टाका किंवा कार्डाने द्या, काही फरक पडत नाही. "ऑफिसमधून" म्हणाला, किंवा नुसता हसला आणि निघून गेला, तर रोख द्या आणि हातात द्या. बशीत ठेवू नका, बशी गल्ल्यावर जाते. निघताना हात धुवायच्या बेसिनपाशी हेल्पर उभा असतो, त्यालाही दहा रुपये देता आले तर द्या.